कुठे दुखतंय ते सांगा, मग काय घ्यायचं ते बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सायकल घेऊन ६ महिने झाले. रोज कामावर जाऊन-येऊन १८ किलोमीटर, रविवारी ६०-७०. सोबतच्या मंडळींनी अलीकडे काय काय घेतलं ते एकमेकांना दाखवलं आणि त्यातून तुमची यादी तयार झाली: कार्बनचा बॉटल केज (बाटली अडकवायचा पिंजरा), मागून येणारी गाडी टिपणारा मागे लावायचा रडार, हवा कापणारं एअरो हेल्मेट, क्लीटचे (तळव्याच्या खिट्टीने पॅडलमध्ये अडकणारे) बूट-पॅडल, टायर भरायची कार्बन डायऑक्साइडची काडतुसं, जेलचं सीट कव्हर आणि ट्यूबलेस टायर. यातलं आधी काय घेऊ, असं विचारलंत. आणि जाता जाता दोन गोष्टी लिहिल्यात. दोन तासांनंतर सीटवर बसवत नाही. महिन्याभरात दोनदा पंक्चर झालं आणि दोन्ही वेळा सायकल ढकलत आणावी लागली.

मी सुरुवात त्या जाता जाता लिहिलेल्या दोन ओळींपासून करतो. तुमची खरी यादी तिथेच आहे. वर दिलेली यादी दुसऱ्यांच्या सायकलींची आहे.

गेली वीसेक वर्षं मी सायकली दुरुस्त करतोय आणि लांब पल्ल्याच्या राइड करतोय. दुरुस्तीच्या स्टँडवर चढणाऱ्या सायकली बघून एक सवय लागली आहे: काय नवीन लावलंय ते मी शेवटी बघतो. आधी चेनवर बोट फिरवतो, ब्रेक पॅड किती उरलेत ते बघतो, टायरमधली हवा मोजतो. हँडलवर झगझगीत कॉम्प्युटर आणि खाली करकरणारी कोरडी चेन, हे दृश्य इतक्या वेळा दिसतं की आता हसूही येत नाही. नाकापेक्षा मोती जड. म्हणून कोणी ‘हे घेऊ का?’ विचारलं की मी उलट विचारतो, कुठल्या राइडमध्ये याची उणीव भासली? ठिकाण आणि वेळ आठवली तर घ्या. आठवली नाही तर ती वस्तू सध्या फक्त मित्राच्या सायकलवर छान दिसतेय.

तुम्हाला ठिकाण आणि वेळ दोनदा आठवते. तेव्हा पंक्चर आधी.

एका महिन्यात दोन पंक्चर म्हणजे नशीब खराब असं समजू नका. आधी जुनी ट्यूब बघा, फेकली नसेल तर. हवा भरून पाण्यात धरा आणि भोक कुठे आहे ते शोधा. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा असतील तर त्याला स्नेक बाइट म्हणतात. हवा कमी असताना खड्ड्याच्या कडेवर ट्यूब टायर आणि रिमच्या मध्ये चिमटली गेली. भोक ट्यूबच्या आतल्या बाजूला, म्हणजे रिमकडे असेल तर रिम टेप सरकली आहे आणि स्पोकच्या भोकाची धार ट्यूबला लागतेय. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल तर हवा भरताना पंप हलतोय. आणि बाहेरच्या बाजूला एकच बारीक टोचा असेल तर काटा, काच किंवा तार. यात तार सगळ्यांत लबाड. झिजून फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली केसासारखी बारीक तार रबरात रुतून बसते, बाहेरून दिसत नाही, आणि नवी ट्यूब घातली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रड. टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर आणा. मग ट्यूबमधल्या भोकाचं व्हॉल्व्हपासूनचं अंतर मोजलं की टायरमध्ये नेमकं कुठे शोधायचं ते कळतं. टायर आतून तपासताना बोट बेतानेच फिरवा. कापसाचा बोळा फिरवला तर तो तारेला अडकतो आणि तुमचं बोट वाचतं.

यावरून पहिली खरेदी ठरते, आणि ती तुमच्या यादीत नाही: गेज असलेला उभा पंप, घरी ठेवायचा. ब्यूटाइल रबराची साधी ट्यूबही हळूहळू हवा सोडतच असते. टायर जितका बारीक तितका हा फरक लवकर जाणवतो. आठवड्यातून एकदा हवा बघितली नाही तर स्नेक बाइट होणारच. अंगठ्याने दाबून ‘टाइट आहे’ म्हणणं मला वीस वर्षांनंतरही जमत नाही. ५० आणि ८० पीएसआयमधला (हवेचा दाब पीएसआयमध्ये मोजतात) फरक अंगठ्याला कळत नाही, गेजला कळतो.

किती भरायची? टायरच्या कडेवर छापलेला सर्वांत मोठा आकडा ही मर्यादा असते, शिफारस नसते. तुमचे टायर ३२ मिमीचे आहेत. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरलं तर पुढे ५० आणि मागे ५५ पीएसआयच्या आसपास सुरुवात करा. मागे थोडी जास्त, कारण वजन मागे जास्त पडतं. मग दोन-दोन पीएसआय खाली-वर करून बघा. हातांना मुंग्या येत असतील तर कमी करा. खड्ड्यात रिम ठण्ण वाजत असेल तर वाढवा. जुन्या लोकांचा ठोकताळा असा की तुम्ही बसल्यावर टायर आपल्या उंचीच्या साधारण १५ टक्के दबावा. दगडासारखा घट्ट टायर वेगवान असतो, ही समजूत शर्यतवाल्यांनीही सोडली. २३ मिमीवरून ते २८ आणि त्याहून रुंद टायरवर आले, कारण खऱ्या रस्त्यावर घट्ट टायर प्रत्येक खडबडीला उडतो आणि ती उडी तुमच्या पायांतल्या ताकदीतून जाते.

दुसरी खरेदी सीटखालची छोटी पिशवी. तिच्यात एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंक्चर पॅच, ४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की असलेलं मल्टिटूल, आणि फ्रेमला लागणारा छोटा हातपंप. डिस्क ब्रेक असेल तर मल्टिटूलमध्ये टी २५, म्हणजे ताऱ्याच्या आकाराची कीही हवी. हे सगळं घेतल्यावर घरी, उजेडात, बसून एकदा चाक काढा, ट्यूब बदला, त्याच हातपंपाने हवा भरा. पहिल्या वेळी अर्धा तास लागेल. तो अर्धा तास रस्त्याच्या कडेला काढू नका.

इथे माझी फजिती सांगतो. ३०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत संपवायची लांबची राइड होती. या राइडला २० तासांची मुदत असते. २१० किलोमीटर झाले होते, रात्र होती, आणि मागचं चाक बसलं. काही बिघडत नाही, पिशवीत नवी कोरी ट्यूब होती. आकार बरोबर, रुंदी बरोबर. टायर उघडला, ट्यूब घातली, आणि व्हॉल्व्ह रिमच्या बाहेर येईना. महिन्यापूर्वी मी चाकं बदलली होती. नवी रिम ५० मिमी खोल होती आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह ४० मिमीचा. म्हटलं पॅच लावू. पॅचच्या सोल्यूशनची ट्यूब वर्षभरापूर्वी एकदा उघडलेली, आतून पूर्ण वाळली होती. दुष्काळात तेरावा महिना. मागून आलेल्या एका अनोळखी सायकलस्वाराने लांब व्हॉल्व्हची ट्यूब दिली म्हणून मुदतीत पोचलो. तेव्हापासून चाकं बदलली की पिशवीही बदलतो, आणि सोल्यूशन उघडलं की लगेच नवीन आणतो. ट्यूब जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवतो, हेही तसंच शिकलो. मल्टिटूलला घासून घासून पिशवीतच भोक पडलेली ट्यूब ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

आता काडतुसं. १६ ग्रॅमचं एक काडतूस काही सेकंदांत रोड टायर घट्ट करतं, हे खरंय. शर्यतीत त्याचा उपयोग आहे. पण एकदा फुस्स झालं की संपलं. नोझल नीट बसलं नाही तर सगळा वायू हवेत, आणि धातू इतका गार पडतो की उघड्या हाताला चटका बसतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड रबरातून साध्या हवेपेक्षा खूप लवकर झिरपतो. रात्री भरलेलं चाक सकाळी मऊ लागलं की लोक दुसरं पंक्चर शोधत बसतात. घरी पोचल्यावर तो काढून साधी हवा भरायची असते. तुम्ही हातपंप घ्या. तो कधी संपत नाही.

ट्यूबलेस चांगलंच आहे, पण आत्ता नको. आतला सीलंट नावाचा चिकट द्रव बारीक टोचे आपोआप बुजवतो, हवा कमी ठेवता येते, स्नेक बाइटचा प्रश्न मिटतो. बदल्यात सीलंट काही महिन्यांत वाळतो, तो भरत राहावा लागतो, आणि मोठी चीर पडली तर शेवटी ट्यूबच घालावी लागते, तीही चिकट हातांनी. रिम ट्यूबलेसची आहे का ते आधी बघा. रिमला आतून हुक नसेल तर त्यावर फक्त त्यासाठी मान्य असलेले ट्यूबलेस टायर चालतात आणि हवा ५ बारच्या, म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर नेता येत नाही. आधी हवा बघण्याची सवय लावा. तेवढ्याने पंक्चर थांबले तर हा खर्चच वाचेल.

टायरचा विषय निघालाच आहे तर आकड्यांबद्दल थोडं लांबण लावतो. चुकीच्या खरेदीचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे. टायर कधीही इंचावरून घेऊ नका. कडेवर ३२-६२२ अशी जोडी छापलेली असते: पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिमीमध्ये. खरी ओळख दुसऱ्या आकड्याची. ७००सी आणि २९ इंची दोन्ही ६२२. साडेसत्तावीस इंची आणि ६५०बी दोन्ही ५८४. माउंटन बाइकचं २६ इंची ५५९, पण जुन्या साध्या सायकलींचं २६ गुणिले १ पूर्णांक ३/८ मात्र ५९०. दोन्हींवर २६ लिहिलेलं, आणि एकाचं टायर दुसऱ्यावर जन्मात बसत नाही. कहर म्हणजे जुन्या रोड सायकलींचं २७ इंची चाक ६३० मिमीचं, म्हणजे २९ इंचीपेक्षाही मोठं. इंचाचा आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासावरून पडला, टायर बदलत गेले आणि नाव तेच राहिलं. ट्यूब घेताना रुंदीचा पल्ला, व्हॉल्व्हचा प्रकार आणि व्हॉल्व्हची लांबी. कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, घेताना स्पीड (चकत्या किती) आणि ती ज्यावर बसते त्या फ्रीहबचा प्रकार. ब्रेक पॅड घेताना जुना पॅड सोबत न्या, त्या आकारांची नावं पाठ करण्यात अर्थ नाही.

आता सीट. जेलचं कव्हर घेऊ नका. एकदम नाही म्हणतोय कारण यात ‘वापरून बघा’ म्हणण्यासारखंही काही नाही. सायकलच्या सीटवर वजन पेलायचं असतं ते ढुंगणाच्या दोन हाडांनी. मऊ जेलमध्ये ती हाडं रुततात, आणि मधला मऊ भाग, जिथे नसा आणि रक्तवाहिन्या आहेत, तो वर दाबला जातो. पहिली वीस मिनिटं गादीवर बसल्यासारखं वाटतं आणि दोन तासांनी बधिरपणा येतो. कव्हर सरकतंही, आणि सरकलं की घासतं.

खर्च करण्याआधी सीटची उंची बघा. चप्पल-बूट काढून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. मग पायाचा चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. मोजूनच करायचं असेल तर पायांच्या जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची गुणिले ०.८८३, तेवढं अंतर क्रँक ज्या मध्याभोवती फिरतो तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंत. हा हिशोब अमेरिकन शर्यतपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखला जातो. तोही सुरुवातच समजा. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर बहुधा वर. सीट जास्त वर असली की कंबर प्रत्येक फेरीत डावी-उजवीकडे झुलते आणि त्या घासण्यालाच लोक ‘सीट खराब आहे’ म्हणतात. सीटचं नाक वर उचललेलं असेल तर आधी सपाट करा. ५ मिमीची हालचालही जाणवते, म्हणून जुनी उंची टेपने खूण करून ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

त्यानंतर पॅडची शॉर्ट्स, शक्यतो खांद्यावरून पट्टे असलेली बिब. माझ्या मते तुमच्या रविवारसाठी सर्वांत मोलाची खरेदी हीच. तिच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं. हे सांगायला लोक लाजतात आणि मग शिवण मांडीला कापत राहते. जाड पॅड चांगला असं नाही. दाट फोमचा, शिवण कमी असलेला आणि तुमच्या हाडांखाली जागेवर राहणारा पॅड चांगला. दुकानात उभं राहून ती विचित्रच वाटणार, वाकून सायकलवर बसल्यासारखं करून बघा. घेताना एक नाही, दोन घ्या, कारण प्रत्येक राइडनंतर धुवावीच लागते. या पॅडला शॅमॉय म्हणतात ते एका डोंगरी, शेळीसारख्या प्राण्यावरून. पूर्वी तिथे त्याचं कातडं शिवलेलं असायचं, आणि ते धुतलं की वाळून कडक व्हायचं. त्या काळातल्या लोकांनी शेकडो किलोमीटर मारले हे आठवलं की मला माझ्या तक्रारींची लाज वाटते.

महिनाभर हे करूनही बसवत नसेल तर सीट बदला, पण रुंदी मोजून. पन्हळी पुठ्ठ्यावर, कडक बाकावर, थोडं पुढे वाकून मिनिटभर बसा. दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर साधारण १०० ते १५० मिमीच्या दरम्यान येतं. सीट त्याहून दोन-अडीच सेंमी रुंद हवी. वजन, उंची, कमरेचा घेर यावरून हे अंतर ओळखता येत नाही. मित्राची ‘ढगासारखी’ सीट तुम्हाला काट्यासारखी लागेल, त्यात मित्र खोटं बोलत नसतो.

क्लीटचे बूट आणि पॅडल. याला क्लिपलेस म्हणतात आणि पाय तर त्यात क्लिप होतो, हा गोंधळ नवीन माणसाला नेहमी होतो. पूर्वी पॅडलला पुढे पिंजरा आणि पट्टा असायचा, त्याला टो क्लिप म्हणत. तो गेला म्हणून क्लिपलेस. फ्रान्सच्या लूक कंपनीने १९८४मध्ये स्की बूट अडकवण्याच्या तंत्रावरून ही पॅडल आणली आणि १९८५ची टूर द फ्रान्स शर्यत बर्नार्ड इनो या फ्रेंच सायकलपटूने त्यांवर जिंकली. शिमानो कंपनीचं एसपीडी नावाचं पॅडल, ज्याचा क्लीट बुटाला दोन स्क्रूंनी बसतो, १९९० सालचं.

तुम्ही रोज कामावर जाता, सिग्नलला थांबता, उतरून चालता. तुम्हाला घ्यायचंच असेल तर दोन स्क्रूचं घ्या. त्यात क्लीट बुटाच्या तळव्यात आत बसतो आणि चालता येतं. तीन स्क्रूचा रोड क्लीट बाहेर येतो. फरशीवर बदकासारखं चालावं लागतं आणि तो झिजतोही. एसपीडीमध्ये एसएच ५६ नावाचा क्लीट पाय अनेक दिशांनी ओढला तरी सुटतो, नेहमीचा एसएच ५१ टाच बाजूला फिरवल्यावरच सुटतो. सुरुवातीला ५६ लावा, पॅडलवरचा स्प्रिंगचा स्क्रू पूर्ण सैल करा, आणि गवतावर वीस वेळा अडकवा-सोडवा. तरीही एकदा सिग्नलला सगळ्यांदेखत आडवे पडाल. सगळेच पडतात.

पुढेमागे रोड क्लीट घेतलाच तर रंग बघून घेऊ नका. शिमानोचा लाल क्लीट म्हणजे शून्य अंश, पाय अजिबात हलत नाही, आणि पिवळा ६ अंशांचा. लूकच्या कीओ क्लीटमध्ये लाल म्हणजे ९ अंश, सगळ्यांत मोकळा, आणि शून्याचा काळा. ‘मी लाल वापरतो, गुडघ्याला बरा’ हे दोन माणसं म्हणतील आणि दोघांचा अर्थ अगदी उलटा असेल. गुडघा दुखण्याची एवढी सरळ वाट दुसरी नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर १८ किलोमीटरच्या रोजच्या रस्त्याला रुंद, खिळे असलेलं सपाट पॅडल आणि पातळ, ताठ तळव्याचे बूट पुरतात. क्लीटने ताकद वाढते असं जे म्हणतात त्यात मला फार तथ्य दिसलेलं नाही. पाय जागेवर राहतो आणि खडबडीत रस्त्यावर, उभं राहून जोर मारताना निसटत नाही, हा खरा फायदा. तो रविवारी जाणवेल, रोज नाही.

रडारबद्दल मी बराच काळ नाक मुरडत होतो. मग एक वर्ष वापरला आणि मत बदललं. मागून येणारं वाहन तो साधारण १४० मीटरवरून टिपतो. गाडी ताशी ६० ने आणि तुम्ही २० ने जात असाल तर ती तुमच्यापर्यंत यायला बारा-तेरा सेकंद लागतात. खड्डा चुकवायला बाहेर जायचं की नाही, हे ठरवायला एवढा वेळ भरपूर. पण तो फक्त ‘येतंय’ म्हणतो. चालकाने तुम्हाला पाहिलंय का, तो अंतर ठेवेल का, हे त्याला कळत नाही. दाटीच्या रहदारीत तो सतत वाजत राहतो आणि माणूस त्याच्याकडे लक्ष देणं सोडून देतो. म्हणून मोकळ्या रस्त्याच्या रविवारसाठी तो चांगला. आणि खांद्यावरून मागे बघण्याची सवय त्याच्यामुळे सुटली तर तोट्याचा.

तुमच्या यादीत पुढचा लाईट नाही हे मला जास्त खटकलं. संध्याकाळी अंधारात परतता, असं तुम्हीच लिहिलंय. लाईट घेताना लोक ल्यूमेन बघतात. ल्यूमेन म्हणजे एकूण उजेड, त्यातला किती रस्त्यावर पडतो आणि किती झाडांवर व समोरच्याच्या डोळ्यांत, ते हा आकडा सांगत नाही. जर्मनीच्या नियमांत म्हणूनच १० मीटरवर किमान १० लक्स (लक्स म्हणजे त्या जागी पडणारा उजेड) मागतात आणि वरच्या बाजूला उजेड कापलेला लागतो, मोटारीच्या डिपरसारखा. असा लाईट ल्यूमेनने छोटा असला तरी रस्ता नीट दाखवतो. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसतो, आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. पाऊस तुमच्या रस्त्यात असेल तर हा आकडा बघा आणि चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट दाबलंय का ते बघा. लाईट मरतात ते बहुधा तिथूनच. मागचा लाल लाईट रात्री स्थिर ठेवा, निदान दोनपैकी एक तरी. नुसता लुकलुकणारा दिवा किती लांब आहे ते मागच्याला ठरवता येत नाही.

फ्लुओरोसंट पिवळं जाकीट दिवसा उठून दिसतं, कारण ते उन्हातल्या अतिनील किरणांवर चमकतं. रात्री हेडलाईटमध्ये ते नुसतंच फिकट कापड. रात्री लागते ती परावर्तक पट्टी, आणि ती घोट्याला बांधली तर सर्वांत उत्तम. वरखाली फिरणारा घोटा दिसला की मागच्याला क्षणात कळतं की हा सायकलवरचा माणूस आहे. १८९१मध्ये सुरू झालेल्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिससारख्या १२०० किलोमीटरच्या राइडमध्ये रात्री लाईट आणि परावर्तक जाकीट सक्तीचं असतं. बाकी तुम्ही कशावर येता याची तिथे कुणाला पर्वा नसते.

एअरो हेल्मेट सोडून द्या. हवेशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, वेग दुप्पट तर ताकद आठपट. ताशी ४० वर जो फरक दिसतो तो २० वर जवळपास नाहीसा होतो, आणि भोकं कमी असल्याने डोकं मात्र तापतं. तुमचं आत्ताचं हेल्मेट पडलेलं नसेल, नीट बसत असेल, आत ईएन १०७८ या युरोपीय किंवा तशाच मानकाचं लेबल असेल तर तेच वापरा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला, आतला फोम एकदाच दबतो, परत फुगत नाही. नवीन घ्यायची वेळ आली तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या चाचण्यांचे तारे बघा. २०१८पासून ते सायकल हेल्मेटला तारे देतात, आणि पाच तारे मिळवणारी कित्येक हेल्मेट अगदी साधी, स्वस्तातली आहेत.

कार्बन केज: फार तर ३० ग्रॅम वाचतील. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून तेच ८५ किलो धरलं तर तासाभराच्या चढावर सव्वा सेकंद. बाटलीत एक घोट पाणी कमी भरलंत तरी तेवढंच.

यादीत नसलेल्या दोन गोष्टी, घाईघाईत. चेन मोजायची पट्टी घ्या, नाहीतर साधी पट्टी वापरा: चेनचे २४ दुवे नवीन असताना ३०४.८ मिमी भरतात. ११-१२ स्पीडला ३०६.३ झाले, म्हणजे ०.५ टक्के ताणली, की चेन बदला. १० किंवा कमी स्पीडला ०.७५ टक्के चालतं. उशीर केलात तर चेनसोबत कॅसेटही जाते. तेल प्रत्येक रोलरला एक थेंब, आतून, रात्री, आणि सकाळी बाहेरचं सगळं पुसून टाका. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. डिस्क ब्रेक असेल तर स्प्रेचं तेल सायकलच्या जवळही आणू नका.

दुसरं, कुलूप. कामाच्या ठिकाणी सायकल आठ तास बाहेर असते ना? यू आकाराचं घ्या. २००८मध्ये वारलेले अमेरिकन मेकॅनिक शेल्डन ब्राउन सांगायचे की कुलूप मागच्या चाकातून घाला, पण फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत. मग चाक आणि फ्रेम दोन्ही अडकतात, कारण ते चाक त्या त्रिकोणातून ओढून काढता येत नाही. यामुळे छोटं, हलकं आणि फोडायला अवघड कुलूप पुरतं. पुढचं चाक क्विक रिलीजचं (खटका उघडला की हातानेच निघणारं) असेल तर त्याला वेगळी केबल.

तर तुमच्यासाठी क्रम असा: उभा पंप आणि पिशवी या आठवड्यात, पुढचा लाईट त्याच फेरीत. सीटची उंची फुकट, आजच. शॉर्ट्स पुढच्या रविवारच्या आधी. रडार आणि एसपीडी तीन महिन्यांनी पुन्हा विचारा.

मी शेवटचं काय घेतलं, असंही विचारलंत. गिअरच्या दोन आतल्या केबल, ब्रेक पॅडचा एक जोड, पंक्चर सोल्यूशनची नवी ट्यूब आणि डाव्या हातमोज्यासाठी पूर्ण जोडी, कारण एकटा डावा कुणी विकत नाही. कार्बनचा केजही आहे माझ्याकडे. सुंदर दिसायचा. दुसऱ्याच राइडला खडबडीत उतारावर त्याने बाटली ओकली आणि ती मागच्याच्या चाकाखाली जाता जाता राहिली. आता तो खणात आहे, त्यात मी सुटे वॉशर ठेवतो.